दोर नेमका कोणाच्या गळ्यात पडतो?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच मागणीची आहेत : अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्यांना फाशी द्या. राज्य विधिमंडळाने २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात मकोकाच्या, म्हणजे राज्याच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, कक्षेत अमली पदार्थांचे गुन्हे आणणारी दुरुस्ती मंजूर केल्यापासून ‘मग फाशीच का नको?’ हा प्रश्न कोल्हापुरातही वारंवार ऐकू येतो. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. फाशीला माझा विरोध आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढची उत्तरे वाचताना वाचकांना माझी भूमिका शोधत बसावे लागणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या शिकवणीच्या वर्गापासून चार पावलांवर पुड्या विकल्या जातात, हे पोरांनाही ठाऊक आहे. पकडलेला माणूस जामिनावर सुटून पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभा राहतो. सिंगापूरमध्ये पंधरा ग्रॅम हेरॉईनसाठी फाशी होते. आपण कशाची वाट पाहत आहोत? (एक पालक, राजारामपुरी)

उत्तर : आपला संताप रास्त आहे. मूल अकरावीत असताना वर्गाबाहेर विष विकले जात असेल, तर आईबापांनी शांत राहावे अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. या धंद्याची मुळे आपल्या जिल्ह्यापर्यंत आली आहेत, हेही खरे आहे. चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडीत मेफेड्रोन, म्हणजे ज्याला सगळे ‘एमडी’ म्हणतात तो पदार्थ, तयार करण्याचा कारखाना मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने २०२१ मध्ये उघडकीस आणला. २०२४ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळीतही असाच कारखाना सापडला. ऊस आणि द्राक्षांच्या शिवारात ही रसायने शिजू लागली आहेत, तेव्हा हे फक्त मोठ्या शहरांचे दुखणे राहिलेले नाही.

मात्र आपल्या पत्रातील जामिनाचा मुद्दा नीट पाहू. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे आणि त्याच्या कलम ३७ मुळे व्यावसायिक मात्रेच्या, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या प्रमाणाच्या, गुन्ह्यात जामीन मिळणे अतिशय अवघड असते. आरोपी दोषी नसावा असे मानण्यास सबळ कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री झाल्याखेरीज तो मिळत नाही. गांजासाठी ही मर्यादा २० किलो, चरससाठी १ किलो, हेरॉईनसाठी २५० ग्रॅम, तर मेफेड्रोनसाठी ५० ग्रॅम आहे. शिकवणीच्या कोपऱ्यावर उभा असलेला मुलगा खिशात चारदोन ग्रॅमच्याच पुड्या ठेवतो. ही मर्यादा त्याला वकिलाइतकीच पाठ असते. म्हणून तो सुटतो. त्याला तो माल ज्याने दिला, त्याच्यापर्यंत तपास गेला का, हा आपण विचारायचा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी असते.

आता सिंगापूर. तेथे १५ ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉईन, ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजा किंवा ३० ग्रॅमपेक्षा जास्त कोकेन बाळगून वाहतूक केल्यास मृत्युदंड आहे, ही माहिती बरोबर आहे. तो कोणाला झाला, तेही पाहावे. नागेंद्रन धर्मलिंगम हा मलेशियातला तमिळ वंशाचा तरुण २००९ मध्ये पकडला गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याच्या मांडीला बांधलेल्या पुडक्यात सुमारे ४३ ग्रॅम हेरॉईन होते आणि त्याचा बुद्ध्यांक ६९ नोंदवला गेला होता. जगभरातून विनंत्या होऊनही एप्रिल २०२२ मध्ये त्याला फाशी देण्यात आली. पुढच्याच वर्षी तंगराजू सुप्पैया या माणसाला सुमारे एक किलो गांजाच्या वाहतुकीत साथ दिल्याबद्दल फासावर चढवले. त्याच्या हाती गांजा सापडला नव्हता. त्याला त्या व्यवहाराशी जोडणारे मुख्य दुवे म्हणजे दूरध्वनी क्रमांक आणि साक्षी. या दोघांपैकी टोळीचा म्होरक्या कोणीही नव्हता.

सिंगापूरने २०१२ मध्ये कायदा थोडा सैल केला. केवळ माल पोहोचवणाऱ्याने तपासाला भरीव मदत केली आणि सरकारी वकिलांनी तसे प्रमाणपत्र दिले, तर त्याला फाशीऐवजी जन्मठेप व फटके देता येतात. वरवर हा बदल दयाळू वाटतो. पण भरीव मदत करायला काहीतरी ठाऊक असावे लागते. ज्याला फक्त ‘हे पुडके त्या पुलापलीकडे दे’ एवढेच सांगितलेले असते, त्याच्याकडे देण्याजोगी माहितीच नसते. ज्याला धंद्यातले जास्त ठाऊक तो वाचण्याची शक्यता जास्त, आणि जो निव्वळ हमाल तो दोराच्या जवळ, अशी त्या तरतुदीची उलटी चाल आहे.

सिंगापूर सरकार आपल्या बाजूने सांगते की या भीतीमुळे तस्कर कमी माल आणतात. हा दावा मी झटकून टाकत नाही. मात्र सिंगापूर हे एका बेटावरचे शहर आहे, त्याच्या प्रत्येक नाक्यावर कसून तपासणी होते आणि लाचखोरीला तेथे जवळपास थारा नाही. किणी टोलनाक्यावरून रोज किती ट्रक जातात आणि कागलपलीकडे किंवा चंदगडच्या आडवाटांनी बेळगाव-गोव्याकडे किती गाड्या सुटतात, हे आपण सगळे पाहतो. सिंगापूरचे बाकी काहीही न आणता फक्त दोर आणला, तर तो कोणाच्या गळ्यात पडेल? कारखान्यावर छापा पडला की आधी हाती लागतात ते राखणदार, रसायने ढवळणारा मजूर आणि गाडीचा चालक. ज्याच्या पैशावर हे चालते, तो त्या वेळी दुसऱ्या शहरात असतो.

प्रश्न : भारतीय कायद्यात या गुन्ह्यासाठी मृत्युदंड मुळातच नाही, असे वर्गात एकाने सांगितले, दुसऱ्याने सांगितले की आहे, पण उच्च न्यायालयाने रद्द केला. खरे काय? (विधी शाखेची विद्यार्थिनी, शिवाजी पेठ)

उत्तर : दोघांचेही अर्धे बरोबर आहे. १९८५ च्या मूळ कायद्यात मृत्युदंड नव्हता. १९८८ च्या दुरुस्तीने कलम ३१-अ आले. ठरावीक गंभीर गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा ठरावीक पदार्थ मोठ्या प्रमाणात बाळगल्याबद्दल दोषी ठरला, तर त्याला मृत्युदंड दिलाच पाहिजे, असे ते कलम होते. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नव्हता. १६ जून २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनेच्या अनुच्छेद २१ शी विसंगत ठरवली. कलम रद्द न करता त्यांनी ते सौम्य करून वाचले आणि मृत्युदंड न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवला. याच्या मागे सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ चा मिठू निकाल उभा आहे. जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास मृत्युदंडाची सक्ती करणारे दंडसंहितेचे कलम ३०३ त्या निकालाने घटनाबाह्य ठरवले होते. २०१४ मध्ये संसदेने कायदाच बदलला. आज अशा दुसऱ्या गुन्ह्यासाठी न्यायालय कलम ३१ प्रमाणे वाढीव कारावास देऊ शकते किंवा मृत्युदंड देऊ शकते. खालच्या न्यायालयांनी काही मोजक्या प्रकरणांत मृत्युदंड सुनावलाही आहे, परंतु या कायद्याखाली भारतात आजवर कोणालाही फाशी देण्यात आलेली नाही.

आपण कलम ३१-अ खालचा तक्ता काढून पाहावा, अशी माझी खास विनंती आहे. त्यात अफू १० किलो, हेरॉईन १ किलो, कोकेन ५०० ग्रॅम, चरस २० किलो असे पदार्थ व प्रमाणे आहेत. गांजा त्यात नाही. मेफेड्रोन तर अमली पदार्थांच्या यादीत २०१५ मध्ये आले आणि या तक्त्यातही ते नाही. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात ज्या दोन पदार्थांवरून सभा आणि मोर्चे होतात, त्या दोहोंना अस्तित्वात असलेली फाशीची तरतूद लागूच होत नाही. ती मागणी करणाऱ्या किती पुढाऱ्यांनी हा तक्ता वाचला आहे, याची मला शंका आहे. पंजाबच्या मंत्रिमंडळाने जुलै २०१८ मध्ये पहिल्याच गुन्ह्यासाठी फाशीची शिफारस केंद्राकडे केली होती. केंद्राने कायदा बदलला नाही.

प्रश्न : चाळीस वर्षे मुले शिकवली. शिक्षेची भीती नसेल तर वर्गही चालत नाही, देश कसा चालेल? तस्करांचे मानवी हक्क सांगणारे लोक उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांविषयी का बोलत नाहीत? (निवृत्त मुख्याध्यापक, इचलकरंजी)

उत्तर : गुरुजी, त्या कुटुंबांविषयी बोलायलाच हवे. माझा विरोध त्यांच्या वतीनेही आहे.

भीतीची गरज मी नाकारत नाही. पण भीती शिक्षेच्या उंचीने वाढत नाही, पकडले जाण्याच्या खात्रीने वाढते. हे आपण वर्गात नक्कीच पाहिले असेल : छडी किती जाड आहे याने खोडकर मूल थांबत नाही, मास्तर वळून पाहतील याची खात्री असेल तरच थांबते. इराणने दशकानुदशके अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी माणसे फासावर चढवली. २०१५ या एका वर्षात तेथे हजाराच्या आसपास लोकांना मृत्युदंड दिला गेला आणि त्यांतील निम्म्याहून अधिक याच गुन्ह्यांतले होते. तरीही अफूचे व्यसन तेथून हटले नाही. अखेर २०१७ मध्ये तेथील संसदेनेच मृत्युदंडासाठी लागणारे प्रमाण वाढवले. काही काळ फाशी कमी झाल्या आणि पुढे पुन्हा वाढल्या. मलेशियाने २०२३ मध्ये सक्तीचा मृत्युदंड काढून टाकला. त्याच वर्षी पाकिस्तानने आपल्या अमली पदार्थांच्या कायद्यातून मृत्युदंड वगळला. ही सरकारे तस्करांवर मेहेरबान आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

खात्री कुठे गळते, ते न्यायालयात दिसते. मुद्देमाल टेबलावर येतो. गोणीचे लाखेचे सील अर्धे फुटलेले असते. पंचनाम्यात गांजाचे वजन एकवीस किलो दोनशे ग्रॅम लिहिलेले असते. तराजू कोणाचा होता, असे विचारले की शेजारच्या दुकानातून आणल्याचे उत्तर येते. वजन गोणीसकट केले का, याचे उत्तर येत नाही. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे, आणि शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यात धरत नाहीत. गोणी, देठ, सुटी पाने वजा केली की वजन वीस किलोच्या खाली जाते आणि किमान दहा वर्षांची शिक्षा कमाल दहा वर्षांची होऊन बसते. मग पंच उभा राहतो आणि सांगतो, की सही पोलीस ठाण्यात घेतली, घटनास्थळी मी नव्हतोच. कलम ५० प्रमाणे अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगावा लागतो आणि ते काटेकोरपणे पाळलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये सांगितले. जप्त मालाचे नमुने कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे असतात, हे २०१६ मध्ये पुन्हा बजावले. या पायऱ्या चुकल्या की संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि तो मिळायलाही हवा, कारण याच पायऱ्या निरपराधाचे रक्षण करतात. शिक्षा फाशीची केली तर न्यायाधीश पुराव्याची फूटपट्टी आणखी कडक लावतील. तपास आजच्यासारखाच ढिसाळ राहिला, तर सुटणाऱ्यांची संख्याच वाढेल.

फाशीने लवकर न्याय मिळतो, हा समज निदान कोल्हापूरकरांना तरी नसावा. लहान मुलांचे अपहरण करून त्यांच्या हत्या केल्याबद्दल रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना आपल्याच सत्र न्यायालयाने २००१ मध्ये मृत्युदंड सुनावला. उच्च न्यायालयाने तो कायम केला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केला. दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये फेटाळला. दयेच्या अर्जांवर सरकारने लावलेल्या अक्षम्य विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ती शिक्षा जन्मठेपेत बदलावी लागली. त्या मुलांच्या आईबापांना वीस वर्षे प्रत्येक सुनावणीला जुनी जखम उघडी पडलेली पाहावी लागली. व्यसनाने पोर गमावलेल्या कुटुंबांनाही याच रांगेत उभे करायचे का? प्रत्येक मृत्युदंड उच्च न्यायालयाने कायम करावा लागतो. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच आल्याने सहा जिल्ह्यांची मुंबईची फेरी वाचली आहे, पण अपील, पुनर्विचार आणि दयेचा अर्ज या पायऱ्या तेवढ्याच राहतात.

आणखी एक गोष्ट मला फार काळजीची वाटते. विकणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतः व्यसनी असतात आणि स्वतःच्या पुडीचे पैसे उभे करण्यासाठी विकतात. अशा मुलाच्या घरी बहुधा आधी आईला कळते. मुलाला सात वर्षे तुरुंग होईल या भीतीने ती गप्प बसते. फाशी होऊ शकते असे कळले, तर ती डॉक्टरांपाशीसुद्धा तोंड उघडणार नाही.

मग काय करावे, असे आपण पुढे लिहिले आहे. पैशाचा माग काढा, बंद पडलेल्या औद्योगिक शेडमध्ये आणि शेतघरांत कोणते रसायन कोणाच्या परवान्यावर जाते त्याची नोंद तपासा, प्रत्येक पोलीस ठाण्याला प्रमाणित वजनकाटा आणि चित्रीकरणाची सोय द्या, आणि साक्षीदाराला संरक्षण द्या. ही मागणी घेऊन आपण जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढलात, तर मी आपल्यासोबत चालेन.

प्रश्न : माझा भाऊ ट्रकचालक आहे. मालाच्या पोत्यांत त्याच्या नकळत कोणी काही ठेवले तर तोही आरोपी होतो का? (एक वाचक, शिरोळ)

उत्तर : होऊ शकतो. या कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे आरोपीला त्या कृत्याची जाणीव होती, असे न्यायालय गृहीत धरते आणि तशी जाणीव नव्हती हे आरोपीने संशयापलीकडे सिद्ध करायचे असते. अर्थात, माल त्याच्या ताब्यात होता एवढे सरकार पक्षाला आधी सिद्ध करावेच लागते. भावाने बिल्टी आणि ई-वे बिलाची प्रत स्वतःजवळ ठेवावी, माल भरताना पोती मोजून घ्यावीत, पाठवणाऱ्याचे नाव व सही घेतल्याशिवाय वाटेतला ‘एखादा बोजा’ चढवू नये. जेथे निर्दोष असल्याचा पुरावा आरोपीनेच द्यायचा असतो, त्या कायद्याला फाशी जोडणे किती धोक्याचे आहे, हे आपल्या प्रश्नातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही निबंधातून होत नाही.

प्रश्न : मुलगा व्यायामशाळेत जातो. त्याच्या बॅगेत इंजेक्शनची बाटली आणि सुया सापडल्या. बाटलीवर मेफेंटरमाईन असे लिहिले आहे. तो म्हणतो, सगळेच घेतात. पोलिसांना सांगितले तर त्याचे काय होईल? पेपरात फाशीच्या बातम्या वाचून हात-पाय गळाले आहेत. (एक आई, गडहिंग्लज)

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट ठामपणे सांगतो : यासाठी कोणीही आपल्या मुलाला फाशी देणार नाही. मेफेंटरमाईन हे भूल देताना घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरायचे औषध आहे आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे हा विकणाऱ्याचा गुन्हा आहे. व्यायामाची ताकद वाढते या समजाने तरुण ते टोचून घेतात. त्याने हृदयाची गती आणि रक्तदाब धोकादायकरीत्या वाढू शकतो आणि त्याची सवयही लागते. सुई मित्रांमध्ये फिरत असेल, तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच. म्हणून पहिली पायरी पोलीस नव्हे, डॉक्टर. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याला घेऊन जा. जाताना बाटली सोबत न्या, म्हणजे त्यांना नेमके काय टोचले ते कळेल. छातीत धडधड, दुखणे किंवा चक्कर असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी जा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क मदतवाहिनी १४४४६ आहे, तेथे नाव न सांगता बोलता येते.

पुढे कधी त्याच्याकडे गांजा वा एमडी अल्प प्रमाणात सापडले, तरीही अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातील खटल्यापासून संरक्षण मिळते. अट एवढीच की उपचार पूर्ण करायचे असतात. ही तरतूद फार थोड्या घरांपर्यंत पोहोचली आहे.

बाटली विकणाऱ्याबद्दल तक्रार करायची असेल, तर अन्न व औषध प्रशासनाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी करा. बाटलीवरचा बॅच क्रमांक लिहा. तो लिहिलात तर ती बाटली कोणत्या घाऊक विक्रेत्याकडून कोणत्या दुकानात गेली, हे तपासता येते. मुलाचे नाव त्या अर्जात लिहिण्याची गरज नाही.